बहात्तर चाचण्या आणि एक काचपट्टी : ठाण्यातील हिवताप तपासणीचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात माझ्या भाच्याला ताप भरला. तो घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या पुढे एका मोठ्या बांधकामावर साइट इंजिनिअर आहे आणि काँक्रीटच्या कामासाठी त्याला अनेकदा रात्री उशिरापर्यंत तिथेच थांबावे लागते. पहिल्या दिवशी थंडी वाजून आलेला ताप घाम येऊन उतरला, दुसरा दिवस बरा गेला आणि तिसऱ्या दिवशी जवळपास त्याच वेळी पुन्हा दात वाजू लागले, तेव्हा हा हिवताप असावा हे सांगायला डॉक्टरांची गरज नव्हती. मात्र तो कोणत्या जातीचा, रक्तात परजीवी किती आणि औषध सुरू करण्यापूर्वी काय पाहून घ्यायचे, हे कळण्यासाठी चांगली प्रयोगशाळा लागणार होती. या निमित्ताने ठाण्यातील दोन रक्ततपासणी केंद्रांशी संबंध आला, त्याची ही नोंद.

पहिले केंद्र एका मोठ्या साखळीचे, घोडबंदर रस्त्यावरचे. दुसरे नौपाड्यातील जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर असलेली, एका ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्ट बाईंची प्रयोगशाळा. दोघांचीही नावे मी देत नाही. पहिल्याबद्दल तक्रार आहे, आणि एकाचे नाव झाकून दुसऱ्याचे सांगितले तर हा लेख परीक्षण न राहता जाहिरात होईल. वाचकाने माझा एक पूर्वग्रहही लक्षात ठेवावा. मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे अहवालातील लोहाचे आकडे पाहिल्यावर जी चिडचिड माझी झाली ती इतर कोणाची झाली असतीच असे नाही.

पहिल्या केंद्राची व्यवस्था चोख होती, हे आधी मान्य केले पाहिजे. सकाळी सात ते साडेसातची वेळ दिलेली असताना मुलगा सात वाजून दहा मिनिटांनी दारात हजर होता. त्याने हातमोजे नवे घातले, सुई आमच्यासमोर फोडली, प्रत्येक नळीवर बारकोड लावून भाच्याकडून नाव वाचून घेतले, आणि एवढ्या तापातही शीर पहिल्याच प्रयत्नात मिळाली. दुपारी चारच्या आत अहवाल मोबाइलवर आला. झटपट चाचणीच्या पट्टीवर हिवताप निश्चित झाला होता आणि जात प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स असल्याचे लिहिले होते. ज्या आजारात उपचाराला एक दिवस उशीर झाला तरी महागात पडू शकतो, त्यात ही गती मोलाची आहे.

मात्र आम्ही मागितली होती हिवतापाची तपासणी आणि रक्तपेशींची गणना. फोनवरच्या मुलीने आम्हाला दिले ते तापाचे बहात्तर चाचण्यांचे पॅकेज, २,८९९ रुपयांचे. ‘वेगवेगळ्या केल्या तर जास्त पडतील, सर,’ हे तिचे म्हणणे हिशेबाने खरेही होते. अहवाल अकरा पानांचा निघाला. त्यात कोलेस्टेरॉल होते, थायरॉइड होते, जीवनसत्त्व ड होते आणि लोहाचा अख्खा एक विभाग होता. काचपट्टीवर रक्ताचा थर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीला मात्र एकच ओळ मिळाली होती : ‘मलेरियाचे परजीवी : आढळले.’ किती आढळले, कोणत्या अवस्थेतील आढळले, याबद्दल एक अक्षर नाही. हिवतापाच्या अहवालात परजीवींची संख्या हा आजाराची तीव्रता आणि औषधाचा परिणाम मोजण्याचा आधार असतो. तीच नसेल तर तिसऱ्या दिवशीची तुलना कशाशी करायची?

लोहाच्या पानावर रक्तद्रवातील लोह कमी म्हणून लाल अक्षरात होते आणि त्याखाली फेरिटिन १,१४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे सामान्य मर्यादेच्या कितीतरी वर, तेही लाल अक्षरात होते. संगणकाने पहिल्या आकड्यापुढे लोहाच्या कमतरतेची शक्यता लिहिली होती आणि दुसऱ्यापुढे शरीरात लोहाचा साठा जास्त असल्याची. दोन्ही वाक्ये एकाच पानावर, चार बोटांच्या अंतराने. दुसऱ्या दिवशी ‘आरोग्य सल्लागार’ म्हणून फोन आला आणि भाच्याचे लोह कमी असल्याने त्यांच्या आहारतज्ज्ञाशी विनामूल्य बोलता येईल असे सांगण्यात आले. माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, शेजारीच बसली होती. तिने ‘लोह कमी’ एवढेच ऐकले आणि संध्याकाळी औषधांच्या दुकानातून लोहाच्या सिरपची बाटली आणली. ‘दादा, पोराचा चेहरा बघ कसा पांढरा पडलाय,’ या तिच्या म्हणण्याला माझ्याकडे त्या क्षणी चांगले उत्तर नव्हते.

उत्तर खरे तर त्या दोन लाल आकड्यांतच होते. पण ते सांगण्यासाठी माणूस हवा होता, संगणकाचे तयार वाक्य पुरेसे नव्हते. शरीरात संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडते. आतड्यातून आणि प्लीहेतील भक्षक पेशींतून लोह रक्तात जाण्याचा जो दरवाजा आहे, तो हे संप्रेरक बंद करते. परिणामी लोह शरीरात असूनही रक्तद्रवात कमी दिसते. फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन असले तरी दाह झाला की तेही आपोआप वाढते. त्यामुळे भर तापात काढलेल्या या दोन आकड्यांवरून लोहाची कमतरताही ठरवता येत नाही आणि अतिरिक्त साठाही ठरवता येत नाही. हा विभाग पॅकेजमध्ये असणे हा गुन्हा नाही, पण हिवताप निश्चित झालेल्या रुग्णाच्या अहवालात तो कोणत्याही खुलाशाविना छापणे आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी फोन करणे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते. शिवाय दार बंद असताना पोटातून दिलेले लोहही फारसे शोषले जात नाही, म्हणजे ते सिरप त्या आठवड्यात जवळजवळ वायाच गेले असते.

वायाच गेले असते एवढेच म्हणून थांबता येत नाही, कारण हिवतापात लोह हा नाजूक विषय आहे. टांझानियातील पेम्बा बेटावर लहान मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिड देण्याचा मोठा प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हिवतापाचा तीव्र प्रादुर्भाव असलेल्या त्या भागात लोह मिळालेल्या मुलांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण जास्त दिसल्याने लोह देणे मध्येच थांबवावे लागले. त्याच प्रयोगातील एका छोट्या गटात, जिथे निदान आणि उपचार हाताशी होते, तिथे लोहाची खरी कमतरता असलेल्या मुलांना उलट फायदा झालेला दिसला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पेम्बातील बालकांचे निष्कर्ष ठाण्यातील सव्वीस वर्षांच्या धडधाकट तरुणाला जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. तरीही आधी हिवताप पूर्ण बरा करावा आणि लोहाचा विचार नंतर करावा, हा क्रम त्यातून नक्की निघतो. बहिणीला मी एवढेच सांगितले की खजूर, पालेभाजी जे काही पोटात जाईल ते खुशाल दे, बाटली मात्र सध्या कपाटात राहू दे.

आमच्या कौटुंबिक डॉक्टरांनी अहवाल पाहिला, क्लोरोक्विन लगेच सुरू केले आणि दोन गोष्टी मागितल्या : परजीवींची संख्या आणि जी६पीडी या तांबड्या पेशींतील एन्झाइमची चाचणी. मी साखळीच्या केंद्राला फोन केला. बहात्तर चाचण्यांमध्ये जी६पीडी नव्हती. ‘ती वेगळी करावी लागेल, सर, चार दिवस लागतील, पण याच नमुन्यावर ॲलर्जीचे पॅनल निम्म्या दरात होईल,’ असे उत्तर मिळाले. मग डॉक्टरांच्याच सांगण्यावरून आम्ही नौपाडा गाठला.

नौपाड्यातील प्रयोगशाळेत दिखाऊ असे काहीही नाही. लाकडी जिना, भिंतीला टेकलेली सहा खुर्च्यांची रांग, आत एक सूक्ष्मदर्शक, एक पेशीगणना यंत्र, रंगाच्या बाटल्या आणि वाळत ठेवलेल्या काचपट्ट्यांची लाकडी चौकट. बाईंनी बोटातून रक्त घेऊन एक जाड आणि एक पातळ थर स्वतः ओढला. रंगवण्यासाठी त्यांनी जे.एस.बी. रंग वापरला, जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये भारतातच सिद्ध केलेला, स्वस्त, लवकर होणारा आणि आपल्याकडील हिवताप तपासणीत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला रंग. त्यांनी मोजणीची रीतही बोलता बोलता दाखवली. जाड थरात पांढऱ्या पेशी मोजत जायच्या, दोनशे होईपर्यंत किती परजीवी दिसले ते नोंदवायचे आणि मग रक्तातील पांढऱ्या पेशींच्या संख्येने गुणाकार करायचा. ही संख्या ८,००० धरून चालण्याची पद्धत आहे. पण भाच्याच्या पांढऱ्या पेशी पहिल्या केंद्राच्या अहवालात ५,२०० होत्या आणि बाईंनी तोच आकडा घेतला. दोनशे पेशींमागे ३१० परजीवी, म्हणजे एका मायक्रोलिटरला ८,०६०. ठरीव आकडा वापरला असता तर हेच उत्तर १२,४०० आले असते. बहात्तर चाचण्यांपैकी ही एक तरी कामाला आली, असे त्या हसून म्हणाल्या.

मी रसायनाचा शिक्षक आहे असे कळल्यावर त्यांनी मला भिंगातून पाहायला बोलावले. या परीक्षणाचा खरा गाभा तिथे दिसलेल्या दृश्यात आहे, त्यामुळे वाचकाने इथे थोडा वेळ थांबावे, अशी विनंती. फुगलेल्या तांबड्या पेशी, त्यात वेड्यावाकड्या आकाराचा निळसर परजीवी आणि त्याच्या अंगात सोनेरी-तपकिरी रंगाचे बारीक कण. हे कण रंगाचे नव्हेत. न रंगवलेल्या रक्तातही ते दिसतात. त्यांना हिमोझॉइन म्हणतात आणि ते भाच्याच्याच रक्तातील लोहापासून बनलेले होते.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत हीमचे चार घटक, म्हणजेच लोहाचे चार अणू. हिवतापाचा परजीवी या पेशीत शिरल्यावर त्यातील निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन आपल्या आम्लयुक्त पचन-पुटिकेत ओढून फस्त करतो. प्रथिनाचा भाग त्याला अन्न म्हणून उपयोगी पडतो. हीम मात्र सुटे पडते आणि तिथेच परजीवीवर संकट येते. शाळेच्या प्रयोगशाळेत फेरस सल्फेटचे फिकट हिरवे द्रावण बाटलीत ठेवले की काही दिवसांत पिवळट-तांबूस होते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे संकट समजायला अवघड जाणार नाही. लोहाचा अणू हवेतील ऑक्सिजनला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. बाटलीत त्याने फक्त द्रावण खराब होते. परजीवीच्या पोटात मात्र त्या इलेक्ट्रॉनपासून सुपरऑक्साइड तयार होते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि पेरॉक्साइडची लोहाशी पुन्हा गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलक, जो समोर येईल त्या रेणूला फाडतो. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या या जोडीची विलक्षण ऑक्सिडीकरण-शक्ती हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लावर दाखवली होती. मी दरवर्षी ती फळ्यावर लिहीत असे, पण ती कोणाच्या नसांत चालते हे सांगितल्याचे मला आठवत नाही.

परजीवीची गंमत अशी की पेरॉक्साइड फोडणारे कॅटालेझ हे एन्झाइम त्याच्याकडे नाही. तो ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिन यांवर आधारलेल्या व्यवस्थेने काम भागवतो आणि ज्या पेशीत राहतो तिचेच संरक्षक प्रथिन, पेरॉक्सिरेडॉक्सिन, आत ओढून वापरतो. सर्वांत मोठा बचाव मात्र ते तपकिरी कण आहेत. सुट्या हीमच्या जोड्या जुळवून तो त्यांचे अविद्राव्य स्फटिक बनवतो. एकदा स्फटिक झाले की लोह तिथेच अडकून पडते आणि मग त्याच्यापासून फारसे भय उरत नाही. घरातला धोकादायक कचरा बाहेर टाकता येत नाही म्हणून विटा पाडून कोपऱ्यात रचून ठेवावा, तसा हा प्रकार आहे. वैद्यकाच्या इतिहासात हिवतापाचा माग या विटांनीच लावला. अल्फॉन्स लावरां यांनी १८८० मध्ये अल्जेरियात परजीवी ओळखला तो रुग्णांच्या रक्तातील हे काळसर कण न्याहाळताना. आणि रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटाच्या भिंतीत जे गोल दिसले ते परजीवीचेच आहेत हे पटले, तेही त्यांत तेच कण दिसल्यामुळे.

साध्या काचपट्टीची किंमत मला इथे कळली. झटपट पट्टी परजीवीची प्रथिने पकडते; त्यातील फाल्सिपॅरम या हिवतापाच्या दुसऱ्या जातीसाठी वापरले जाणारे हिस्टिडिनयुक्त प्रथिन परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहू शकते, म्हणून तशी पट्टी बरे झाल्याचा पुरावा होऊ शकत नाही. काचपट्टीत जिवंत परजीवी, त्याचे वय आणि त्याने साठवलेले लोह, तिन्ही एकाच नजरेत दिसतात. पट्टी नको असे मी म्हणत नाही. मध्यरात्री ताप आला असेल तर पट्टीच हवी. मोठ्या केंद्राच्या अहवालात काचपट्टीला जी एक ओळ दिली होती, तिची मला आता अधिकच कीव येते.

औषधांचे कामही याच लोहाभोवती फिरते. क्लोरोक्विन सुट्या हीमला चिकटते आणि विटा पाडण्याचे काम बंद पाडते, म्हणजे परजीवी स्वतःच्या जेवणातील लोहाने मरतो. थू यूयू यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी शोधलेले आणि त्यांना २०१५ चे नोबेल मिळवून देणारे आर्टेमिसिनिन याच्या पुढचे पाऊल टाकते. त्याच्या रेणूत पेरॉक्साइडचा पूल असतो. हीममधील लोह तो पूल तोडते, आणि त्यातून निघालेली मूलके परजीवीच्या प्रथिनांवर तुटून पडतात. आग्नेय आशियात या औषधाला दाद न देणारे जे परजीवी आढळले, त्यांच्यातील उत्परिवर्तनाने हिमोग्लोबिन आत ओढण्याचा वेग कमी होतो. थोडक्यात, ते उपास करून जगतात. भाच्याचा व्हायव्हॅक्स असल्याने त्याच्यासाठी क्लोरोक्विन पुरेसे होते. वजन साठ किलो, तेव्हा ६००, ६०० आणि ३०० मिलिग्रॅम असे तीन दिवस. बाईंनी तिसऱ्या दिवशी पुन्हा काचपट्टी घेतली. परजीवी एकही नव्हता, आणि अहवालात ‘पाहिलेली क्षेत्रे : २००’ असे लिहिलेले होते. किती पाहून ‘नाही’ म्हटले हे लिहिणारी प्रयोगशाळा मला अलीकडे दुसरी भेटलेली नाही.

राहिली जी६पीडी. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. हे औषध स्वतःच ऑक्सिडीकरणाचा मारा करते. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत. अशा माऱ्याला तोंड देण्यासाठी तिच्याकडे ग्लुटाथायोन आहे आणि ते ताजे ठेवणारी एकच वाट आहे, जी जी६पीडी या एन्झाइमपासून सुरू होते. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटू लागतात. लघवी काळपट होते, कावीळ होते, क्वचित जीवावर बेतते. या संवेदनशीलतेमागे जी६पीडीची उणीव आहे हे १९५६ मध्ये अमेरिकेत कळले. विशेष म्हणजे याच उणिवेमुळे पेशी परजीवीलाही राहायला गैरसोयीची होते, म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या ही उणीव टिकून राहिली.

ठाणेकरांनी तर या चाचणीला परकी मानायचे कारणच नाही. या उणिवेच्या भारतातील प्रमुख प्रकारांपैकी एकाला ‘कल्याण’ हे नाव आहे. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबातील तपासणीवरून त्याची नोंद झाली आणि पुढे केरळमधील प्रकार तोच असल्याचे जनुकीय तपासणीत दिसल्याने आता त्याला ‘केरळ-कल्याण’ म्हणतात. मुंबई परिसरातील पारशी समाजातही ही उणीव अधिक आढळते. अशा जिल्ह्यात तापाच्या पॅकेजमध्ये थायरॉइड असावे आणि जी६पीडी नसावी, याचे समर्थन मला तरी सुचत नाही.

बाईंनी नमुना घेताना एक सूचना केली, जी मी कुठल्याही छापील अहवालात पाहिलेली नाही. रुग्णाचे हिमोग्लोबिन नुकतेच खूप घसरले असेल तर जुन्या, कमी एन्झाइमच्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात आणि नव्या पेशींत एन्झाइम जास्त असते. त्यामुळे उणीव असूनही चाचणी सामान्य येऊ शकते. भाच्याचे हिमोग्लोबिन ११.९ होते, फार घसरलेले नव्हते, त्यामुळे उत्तरावर विश्वास ठेवता येईल असे त्यांनी लिहून दिले. पुरुषांमध्ये हे जनुक एकाच एक्स गुणसूत्रावर असल्याने उत्तर सहसा स्पष्ट मिळते; स्त्रियांमध्ये मधली स्थिती असू शकते आणि तिथे नुसते ‘आहे-नाही’ सांगणारी चाचणी फसू शकते, हेही त्यांनीच सांगितले. निकाल सामान्य आला आणि प्रायमाक्विन सुरू झाले.

या प्रयोगशाळेतही सर्व काही उत्तम आहे असे नाही. जी६पीडी तिथे होत नाही. नमुना बर्फात घालून बाहेर पाठवतात आणि त्याला दोन दिवस लागले. आमचे निभावले, कारण प्रायमाक्विनला तेवढा उशीर चालतो. अहवाल हाताने लिहिलेला होता आणि एका ठिकाणी भाच्याचे वय बासष्ट पडले होते, ते दाखवल्यावर काट मारून सही करून दिले. वृद्ध रुग्णाला तो जिना चढवणे कठीण आहे, लिफ्ट नाही, आणि गोखले रस्त्याच्या बाजूने गाडी आणली तर ती उभी करायला जागा मिळेल या आशेवर राहू नये. स्टेशनकडून पायी येणे बरे. घरी येऊन रक्त घेण्याची सोय नाही. दुपारी एक ते साडेपाच बंद असते. साडेबाराला गेल्यास बाई काचपट्टी घाईत पाहणार नाहीत, तुम्हालाच संध्याकाळी बोलावतील, आणि ते योग्यही आहे. दोन काचपट्ट्या, मोजणी आणि जी६पीडी मिळून आम्हाला १,२५० रुपये पडले.

पहिल्या केंद्राला मी सविस्तर पत्र पाठवले. त्यांनी आभार मानणारे तयार उत्तर धाडले, आणि आठवड्याने मात्र त्यांच्या एका पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. परजीवींची संख्या मागितली तर ते वेगळे पैसे न घेता लिहून देतात, पण ती मागावी लागते, असे ते म्हणाले. संवाद सभ्य होता आणि माहिती उपयुक्त होती. ती केंद्राच्या ॲपवर कुठेही दिसत नाही, म्हणून येथे देऊन ठेवतो. पहाटेच्या तापात घरबसल्या रक्त द्यायचे असेल तर मी पुन्हाही त्यांनाच बोलावीन, मात्र पॅकेज घेणार नाही आणि नळी देतानाच संख्येचा आग्रह धरीन. काचपट्टी, जात, मोजणी आणि उपचारानंतरची तपासणी यांसाठी मी नौपाड्याचाच जिना चढेन.

तापानंतर सहाव्या आठवड्यात, प्रायमाक्विन पूर्ण होऊन बरेच दिवस झाल्यावर, बाईंनीच सुचवले म्हणून भाच्याचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पुन्हा पाहिले. हिमोग्लोबिन १३.८ होते आणि फेरिटिन ९६. हा आकडा मात्र खरोखर काही सांगणारा होता, आणि त्यात लोहाची कमतरताही नव्हती की अतिरिक्त साठाही नव्हता. सिरपची बाटली बहिणीने सील न फोडता दुकानात परत केली.